आत्याची कापलेली अकरा मिनिटं

शाळेत तिला सगळे कात्री म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता, उलट तोराच होता. नववीपासून शाळेत मीडियाचा वर्ग होता. तळमजल्यावरची सामानाची जुनी खोली, भिंतींना चिकटवलेला स्पंज, तीन कॅमेरे, दोन माइक आणि एडिटिंगचे चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम रुसलेला. बाकीची मुलं कॅमेऱ्यासाठी भांडायची. ही मात्र हेडफोन चढवून कॉम्प्युटरसमोर ठाण मांडायची. पडद्यावर आवाजाची रेघ उड्या मारत जायची, आणि जिथे ती सपाट दिसेल तिथे हिचा हात चालायचा. “बघणाऱ्याला जांभई यायच्या आत पुढचं वाक्य आलं पाहिजे,” असं व्हिडिओचे सर सांगायचे. हिने त्याची खूणगाठच बांधली.

दहावीत प्रत्येकाने घरातल्या एका माणसावर फिल्म करायची होती. कात्रीने आत्याला धरलं. आई गेल्यावर हिला वाढवलं ते आत्यानेच. आत्या एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती आणि तिचं बोलणंही इस्त्री केल्यासारखंच चालायचं. एक शब्द बोलायची, मग कॉलरवरून इस्त्री फिरवायची, मग ‘अं’, मग उगीच खुदकन हसायची, आणि समोरचा विषय विसरला की वाक्य पुरं करायची. तिने मीठ मागेपर्यंत बाकीच्यांची जेवणं उरकायची.

लाँड्रीत जाऊन कात्रीने तिचं सतरा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्याची सहा मिनिटं केली. ‘अं’ गेले, हसणं गेलं, मधले श्वाससुद्धा गेले. जोड दिसू नयेत म्हणून वर हातांची, वाफेची, टांगलेल्या शर्टांची दृश्यं लावली. फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. सर म्हणाले, एकही जोड सापडत नाही. त्या दिवशी कात्रीचे पाय जमिनीवर नव्हते.

शाळेत फिल्म बघून घरी येताना आत्याने विचारलं, “अगं, मी... एवढं चुरूचुरू बोलते होय?”

“बोलतेस की,” कात्रीने ठोकून दिलं.

आत्या मोहरून गेली. लाँड्रीत गिऱ्हाइकांना धरून धरून तिने त्या फिल्मबद्दल सांगितलं. तिचं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. वर्ष संपताना पुढच्या वर्गासाठी हार्ड डिस्क रिकामी करायची होती. ती मूळ सतरा मिनिटं कात्रीने स्वतःच्या हाताने पुसली, आणि तेव्हा तिला काहीही वाटलं नाही.

पुढे ती जाहिराती बनवणाऱ्या स्टुडिओत एडिटर झाली. चांगलं चाललं होतं. एका सकाळी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर बोलणं शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “या आधी कशा बोलायच्या? रेकॉर्डिंग आहे का काही?”

आत्या आधीपासूनच मोबाइल समोर धरला की तोंड लपवायची. तिचा आवाज होता तो फक्त त्या फिल्ममध्ये. कात्रीने फिल्म दिली. बाई ती ऐकून म्हणाल्या, “वा, किती सफाईदार बोलायच्या. आता आपल्याच आवाजाबरोबर थोडं थोडं म्हणत जायचं.”

रोज सकाळी आत्या त्या आवाजामागे धावू लागली. तिचा पहिला शब्द ओठांवर यायच्या आत तो आवाज तीन वाक्यं पुढे गेलेला असायचा. बाई म्हणायच्या, घाई नको. पण आत्याला त्या पडद्यावरच्या बाईसारखंच बोलायचं होतं, त्याहून कमी काही नको होतं. जमलं नाही की ती डाव्या हाताने मांडी बडवून घ्यायची. कात्री स्वयंपाकघरातून हे ऐकायची. सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे आत्याला आयुष्यात मिळालेली एकुलती एक शाबासकी काढून घ्यायची. उद्या सांगू, म्हणत चार महिने गेले. तोवर आत्या फिल्म लागली की डोळे मिटून घेऊ लागली होती. बाई दाराशी हळूच म्हणाल्या, “सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात हो. आता प्रगती सावकाशच होणार.”

त्या संध्याकाळी कात्री पलंगाच्या कडेला बसली.

“आत्या, फिल्ममध्ये आवाज तुझा आहे, पण तू तशी कधीच बोलत नव्हतीस. तू थांबत थांबत बोलायचीस. ते थांबणं मी कापलं. मूळ रेकॉर्डिंग होतं, तेही मीच पुसलं. तुला तसं बोलायचं नाहीये गं. कधीच नव्हतं.”

आत्याने तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. “आ...” झालं आणि थांबलं. बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली, ती लांब गेली.

“...धी.”

मग जबडा पुन्हा हलला, पण आवाज फुटला नाही. आत्याने भिंतीकडे तोंड वळवलं. आधी का नाही सांगितलंस, हेच तिला विचारायचं असणार. तिने ते पुरं विचारावं म्हणून कात्री बराच वेळ तिथे बसून राहिली.