बबिताचा नंबर

कृषी प्रदर्शनाच्या मंडपात, नैरोबीहून आलेल्या व्यापाऱ्यासमोर महारुद्र हसत म्हणाला, "या बाई आमच्याकडं नट आवळायला होत्या. आता दुसरी माणसं ठेवलीत." बबिता तिथून हाकेच्या अंतरावर उभी होती. व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसावं की नाही हे त्याला कळेना. बबिता बाहेर आली आणि स्कूटरवर बसून सरळ आपल्या शेडवर गेली. ते वाक्य मात्र तिच्याबरोबरच आलं.

महारुद्र व्यापाऱ्याला दाखवत होता ती गिरणी मूळची तिची होती. तूर भरडून दाळ काढणारी, घरात ओट्याशेजारी मावणारी. बबिता पिंगळीची, रंगनाथ मास्तरांची लेक. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून ती पुण्यात एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होती. विजेच्या वस्तू बाजारात जाण्याआधी तिथे तपासल्या जात. लग्नानंतर ती परभणीला आली. नवरा नागेश विद्यापीठात क्लार्क. तिने एमआयडीसीत शेड घेतली आणि महारुद्रशी भागीदारी केली. तो राणीसावरगावच्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा, धान्याच्या मोंढ्यात आडतीचं दुकान. विक्री त्याची, यंत्र तिचं, असं ठरलं होतं.

केनियात तूर भरपूर पिकते, तिथल्या बायकांना अशी गिरणी हवी होती. पण माल असाच पाठवता येत नाही. त्या देशाचा चौकोनी पिनांचा प्लग लागतो, तिथल्या नियमांप्रमाणे तपासणी लागते आणि पास झालेल्या यंत्राच्या प्रमाणपत्राचा नंबर प्रत्येक पाटीवर कोरावा लागतो. बबिताची पहिली गिरणी नापास झाली. अर्थिंगचा स्क्रू तिने रंगावरच आवळला होता. रंगातून वीज जात नाही, म्हणजे ते अर्थिंग नावापुरतंच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू नापास करून आपणच ही चूक करावी, याची तिला लाज वाटली. तिने रंग खरवडला, मोटर बदलली, वायर जाड घेतली. दुसऱ्या खेपेला गिरणी पास झाली, नंबर मिळाला.

वर्ष उलटायच्या आत महारुद्रने भागीदारी मोडली. नंबर बबिताच्या नावावर राहिला. कारागीर, नकाशे आणि नैरोबीचं गिऱ्हाईक तो घेऊन गेला.

प्रदर्शनानंतर काही दिवसांनी पोखर्णीच्या सविताचा फोन आला. सविता बचत गटासाठी दाळ करायची.

"ताई, तुमची मशीन हात लावला की झिणझिण करायलीय. मी चप्पल घालूनच चालवते."

बबिता त्याच दुपारी गेली. गिरणी तिची नव्हतीच. रंग तोच, आकार तोच, पाटीवर नंबरही तिचाच. तिने तळाचं झाकण काढलं. अर्थिंगची वायरच नव्हती. प्लगला तिसरी पिन होती, पण तिला आतून काहीच जोडलेलं नव्हतं.

"कुठून घेतली?"

"महारुद्र शेठकडून. तुमचीच हाय म्हणले."

बबिताने सविताला आपली नवी गिरणी दिली आणि ती गिरणी होती तशीच शेडवर आणून ठेवली. मग तिने बालाजीला फोन लावला. बालाजी तिचा जुना फिटर, आता महारुद्रकडे. मालक बदलला तरी बोलणं त्याने टाकलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. केनियाला जाणारा कंटेनर अशाच, तिचा नंबर कोरलेल्या गिरण्यांनी भरत आला होता. माल तपासायला माणूस आला, तेव्हा महारुद्रने त्याच्यापुढे बबिताने बांधलेली जुनी गिरणी ठेवली होती. पास झाली.

नागेश म्हणाला, "आजच कळव."

"आज न्हाई."

"मग कधी?"

"जहाज सुटल्यावर. आता कळवलं तर तो इथंच वायरी बदलून घेईल. चार माणसं मधी पडतील, मिटवा म्हणतील. तिकडं केनियात कुणी मधी पडत न्हाई."

नागेशने विचारलं, "आणि तिकडं एखादीला शॉक बसला तर?"

बबिताला सविताच्या पायातल्या चपला दिसत होत्या. तरीही ती थांबली. जहाज न्हावा शेवाहून सुटल्याचं बालाजीने कळवलं, तेव्हाच तिने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला फोटोंसह मेल केली. सोबत नैरोबीच्या व्यापाऱ्यालाही कळवलं.

संस्थेच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "तुम्हाला हे कधी कळलं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "माल निघायच्या आधी."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तो सुटला असता."

अधिकारी म्हणाला, "तुमचा नंबरही स्थगित होईल, माहीत आहे ना?"

"माहीत हाय. करा."

मोंबासा बंदरात कंटेनर उघडला गेला. एकाही गिरणीला अर्थिंग निघालं नाही. सगळा माल तिथेच मोडीत काढायचा हुकूम झाला. व्यापाऱ्याने महारुद्रशी व्यवहार तोडला.

महारुद्र शेडवर आला तो घामाघूम होऊन. "बबिताबाई, आपली भागीदारी होती. माल तुमच्या देखरेखीखाली झाला, एवढं लिहून द्या. अपील करतो."

बबिताने पोखर्णीची गिरणी टेबलावर ठेवली, प्लग लावला, बटण दाबलं. टेस्टरचं टोक पत्र्याला लावलं. टेस्टरमधला दिवा लागला.

"हात लावा," ती म्हणाली.

महारुद्र हलला नाही.

"बायका लावतात रोज. लावा तुमी."

त्याने दोन्ही हात मागे घेतले. खाली मान घालून तो निघून गेला. बबिताने प्लग काढला. किती तरी दिवसांनी तिला पोटभर जेवावंसं वाटलं.

नंबर परत मिळायला बराच काळ गेला. नवी तपासणी, नवा खर्च, मधल्या काळात शेड जवळजवळ बंद. नागेशचा पगार घराला पुरवावा लागला. तिने एकदाही कुरकुर केली नाही. पुढे ऑर्डर आली ती पहिल्यापेक्षा लहान. बालाजी परत कामाला आला.

महारुद्र आता मोंढ्यात खताचं दुकान चालवतो. रस्त्यात दिसला की नागेश नमस्कार करतो. बबिता करत नाही. एकदा नागेश म्हणाला, "झालं ते झालं. आता सोड की."

"माझं मन लय निवांत हाय," बबिता म्हणाली आणि समोरच्या गिरणीच्या पत्र्यावरचा, अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडत राहिली. "त्याला माफ कशाला करू?"