बिवा सरोवरावरचा माशांचा डबा

मी फ्लाय फिशिंग शिकतोय म्हटल्यावर पुण्याहून आईने एकच अट घातली: मासा पकड, पण परत पाण्यात सोड. आमच्या घरी मासे खात नाहीत.

नाद लागला पाइक माशाच्या व्हिडिओंमुळे. पिसांचं खोटं भक्ष्य लांब फेकायचं आणि मोठ्या शिकारी माशाची वाट बघायची. जपानात पाइक नाही, म्हणून ऑफिसातले तानाका-सान आज सकाळी मला बिवा सरोवरावर ब्लॅक बास या शिकारी माशासाठी घेऊन गेले.

बऱ्याच वेळाने एक लागला. माशाच्या अंगाला इजा होऊ नये म्हणून शिकल्याप्रमाणे हात ओले केले, अलगद गळ काढला आणि पाण्याकडे वाकलो.

"सोडू नका," तानाका-सान शांतपणे म्हणाले. "हा बाहेरून आलेला मासा, इथले मासे खाऊन टाकतो. इथे परत सोडायला बंदी आहे."

त्यांनी काठावरचा डबा दाखवला. कचऱ्याच्या डब्यांसारखाच, फक्त अशा माशांसाठी.

मी मासा त्यात टाकला. झाकण लावल्यावरही आतून आवाज येत होता.

आत्ता आईचा फोन येऊन गेला. "सोडलास ना रे?" मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी मला पुन्हा जायचंय आणि आई पुन्हा विचारणार. तुम्ही काय सांगितलं असतं?