बोरीखालची गाडी

गेल्या मे महिन्यात लेकीला घेऊन मी नाशिकला माहेरी गेले, तेव्हा बाबांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती. सातपूरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी स्कूटरवर झाली. निवृत्तीनंतर दारात चारचाकी आली, म्हणून तिचे लाड नातीपेक्षा जास्त. आम्हाला चपला झटकल्याशिवाय आत प्रवेश नव्हता.

लेकीला गाई-बकऱ्या बघायच्या होत्या. त्र्यंबक रोडवरून आत वळलं की एका शेतकरी बाईंनी शेतातच कॅम्प थाटलाय. चार तंबू, बसायला सुतळीच्या बाजा, गोठा, कोंबड्या आणि चुलीवरचं जेवण.

"शेण बघायला पेट्रोल जाळायचं," आई म्हणाली. ती सटाण्याकडची, लहानपण शेळ्यांमागे गेलेलं. तरी सगळ्यांत आधी तयार होऊन तीच बसली.

उन्हं उतरताना पोचलो. बाबांनी बराच वेळ सावली शोधून गाडी एका बोरीखाली लावली. आम्ही गोठ्यात वासराला कुरवाळत होतो, तोच मागून लेक ओरडली, "आजोबा, शेळी गाडी चालवायला गेली."

एक काळी शेळी बोनेटवरून थेट टपावर चढली होती आणि बोरीचा पाला निवांत ओरबाडत होती. बाबा धावले. "हाड, हाड," करू लागले.

"हाड कुत्र्याला म्हणतात, आजोबा."

कॅम्पवाल्या बाई हातातलं पीठ झटकत आल्या. "वरडू नका काका. घाबरली तर घसरंल. तिला उंच जागा लय आवडती."

घसरेल म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांपुढे रंगावरचे ओरखडे उभे राहिले असावेत. ते एकदम कुजबुजत बोलू लागले. शेळीनं ढुंकून पाहिलं नाही.

मग आई पुढे झाली. पदर खोचला, बाईंच्या चुलीवरच्या भाकरीचा तुकडा पुढे धरला आणि आम्ही घरात कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "ये वं माय, खाले उतर."

शेळीनं पाला सोडला. कान हलवत आईकडे बघितलं.

"माझ्याशी इतक्या मायेनं कधी बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही कधी टपावर चढलात?"

शेळी बोनेटवर उतरली. बोनेट वाचवायला बाबांनी दोन्ही हात पसरले आणि तिनं सरळ त्यांच्या छातीवर उडी घेतली. दोघंही मातीत बसले. बाबांचा चष्मा एका कानाला लोंबत होता, आणि शेळी आईच्या भाकरीऐवजी त्यांच्या शर्टाची कॉलर चघळत होती. आम्ही हसून हसून बाजेवर कोसळलो.

बाबा उठतील, तिला ढकलतील, असं वाटलं. ते तसेच बसून राहिले. तिच्या पोटाला हात लावून म्हणाले, "हिचं पोट किती उबदार आहे गं." जन्मभर यंत्रांत वावरलेल्या या माणसानं कुठलंही जनावर एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

जेवताना शेळी त्यांच्या बाजेला टेकून बसली. भरीत आमच्या वाट्याला आलं, भाकरी मात्र तिकडेच जात होती. तिला काय आवडतं, ती रात्री कुठे झोपते, बाबा बाईंना एकेक विचारत होते. गाडीवरचे ओरखडे बघायला ते उठलेच नाहीत. मीच बॅटरी घेऊन पाहून आले. होते दोन.

निघताना त्यांनी बाईंना नंबर दिला. "हिला पिल्लं झाली की कळवा."

"आता फ्लॅटमध्ये शेळी आणायची तेवढी राहिली," आई म्हणाली.

बाबा डिकी उघडून आतली जागा बघत होते. त्यामुळे आम्हाला जरा काळजीच वाटली.