रोगाचं नाव घेणारी बाई

सुशीलाअक्का गेल्याचं मला गुलबर्ग्याच्या बसस्टँडवर कळलं. संतपूरची एक ओळखीची बाई भेटली. तिने आधी माझ्या मुलांची लग्नं झाली का ते विचारून घेतलं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमची अक्का गेली की, मागल्या आठवड्यात." कशाने गेली म्हणून विचारलं, तर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पदर छातीशी घट्ट धरला. "त्याच रोगानं म्हणत्यात. जन्मभर त्याचंच नाव घेतलं... लागलंच शेवटाला."

अक्का हृदयविकाराने गेली. दुपारी पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत संपली. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते साऱ्या गावाने ऐकलं आणि साऱ्या गावाने बाजूला ठेवलं. कारण गावाचं आधीच ठरलेलं होतं. ज्या बाईने इतकी वर्षं यांच्या चुलीपाशी बसून रोग कसा ओळखायचा ते शिकवलं, तिच्याकडून या लोकांनी एवढंच घेतलं, की नाव घेतलं की रोग लागतो. बसमध्ये बसले तेव्हा मला रडू यायला हवं होतं. पण मला फक्त किळस आली.

अक्का माझी थोरली मावसबहीण. मला शिक्षिकेची पहिली नेमणूक संतपूरच्या मराठी शाळेत मिळाली, तेव्हा मी तिच्याच घरी उतरले. ती त्याच शाळेत मुख्याध्यापिका होती. म्हैसूरचं कर्नाटक नुकतंच झालं होतं. अक्काला स्वयंपाक येत नसे, देवपूजेचा कंटाळा होता आणि जिभेला हाड नव्हतं. मराठीत चिडायला सुरुवात करायची आणि कानडीत संपवायची. नवरा टपाल खात्यात, मवाळ माणूस. त्याने तिला कधी अडवलं नाही. गाव त्याबद्दल त्याची कीव करत असे, आणि तोही ती निमूटपणे स्वीकारत असे.

अक्काच्या थोरल्या जावेचं नाव पार्वती. माझ्या डोळ्यांसमोर ती बाई झिजली. छातीत गाठ होती, ती तिने पदराखाली दडवली. आधी नवऱ्यापासून, मग सासूपासून. जखम झाली, वास येऊ लागला, तेव्हा घरातल्यांना कळलं. कळल्यावर त्यांनी काय केलं? परपुरुषाने अंगाला हात लावायचा नाही म्हणून डॉक्टर नको, असं ठरलं. बाहेरची बाधा आहे म्हणून तिला गाणगापूरला नेऊन ठेवलं. अक्का सासऱ्यांसमोर उभी राहिली. "मामंजी, डॉक्टरकडं जाऊ नका म्हणून दत्तानं कुणाला सांगितलंय?" सासरे म्हणाले, "खानदानाची शरम हाय का न्हाई तुला?" पार्वती परत आली ती बोलण्यापलीकडे गेलेली. तिच्या तेराव्याला जिलेबी होती, आणि पंगतीत सगळे म्हणत होते, बाई मोठी सोशिक, मरेपर्यंत हूं की चूं केलं नाही. हे कौतुक होतं. अक्का वाढता वाढता थांबली, जिलेबीचं ताट सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवून आत निघून गेली.

त्यानंतर ती बिदरला एका लेडी डॉक्टरकडे खेटे घालू लागली. तिथे विचारून, पाहून, समजून घेतलं. संक्रांतीला हळदीकुंकू केलं. बायका वाण काय मिळणार म्हणून आल्या. अक्काने स्वयंपाकघराची कडी लावली आणि प्रत्येकीच्या हातात कणकेचा गोळा दिला. "कुणाच्या गोळ्यात हरभऱ्याचा दाणा हाय, सांगा. चिमटीत धरायचं न्हाई. बोटं चपटी ठेवून दाबत दाबत जायचं." बायका हसल्या, खेळ वाटला त्यांना. दाणा सापडला की ओरडत होत्या. मग अक्का म्हणाली, "आता हेच अंघोळीच्या येळी आपल्या छातीवर करायचं. दर महिन्याला. काही लागलं तर मला सांगायचं, नवऱ्याला मागनं." एक म्हातारी उठली, कुंकू न लावताच गेली. पण बाकीच्या बसून राहिल्या.

त्या म्हातारीने आपलं काम चोख केलं. आठवडाभरात शाळा कमिटीची बैठक लागली. कमिटीचे अध्यक्ष गुरुनाथअप्पा, तुरीचे व्यापारी. देवळाच्या सभामंडपावर त्यांचं नाव होतं आणि घरात दोन जिपा. मी अक्काशेजारी बसले होते.

"बाई, तुमी बायकांना काय शिकवायलाव?" अप्पांनी विचारलं.

"छातीचा कॅन्सर कसा ओळखायचा, ते."

अप्पांनी कानावर हात ठेवला नाही इतकंच. "गडीमाणसांत बसून असलं बोलतेत व्हय?"

"मग कुठं बोलू? बायकांत बोलले, तर तुमी बैठक घेतली. कामून घेतली?"

सगळे तिच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते. याच मंडळींच्या कट्ट्यावरच्या गप्पा आम्ही शिक्षिका रोज येताजाता ऐकत होतो. बाईच्या अंगाचा असा एकही भाग नव्हता, ज्याचं नाव त्यांच्या तोंडी नव्हतं. फक्त तो आजारी पडला, की त्यांना लाज वाटे.

अक्काची बदली झाली, लांबच्या कोहिनूर गावी. अप्पांचा हात बिदरच्या शिक्षण कचेरीपर्यंत पोचत होता. सामान बैलगाडीत भरताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कोहिनूरला गेल्यावर पहिल्या पंचमीला झाडाखाली झोके बांधले, बायका जमवल्या आणि पुन्हा तेच सुरू केलं. मी सुट्टीला गेले की मला म्हणायची, "तिथं शिव्या मराठीत खायचे, इथं अर्ध्या कानडीत खाते. एवढाच फरक."

तिथेच एका दुपारी शाळेच्या मागच्या बाजूला जीप थांबली. मी त्या दिवशी तिथे होते. पुढे ड्रायव्हरशेजारी गुरुनाथअप्पा, मागे पडदे ओढलेले, आणि पडद्याआड त्यांची बायको सुभद्राबाई. अप्पा खाली उतरले, पण शाळेत शिरले नाहीत. लिंबाच्या आडोशाला उभे राहून अक्काला म्हणाले, "बाई, जरा घरातल्या माणसाचं... तुमी समजून घ्या."

"काय समजून घेऊ? नाव सांगा."

अप्पांना नाव घेता येईना. शेवटी पडदा सारून सुभद्राबाईच म्हणाल्या, "गाठ लागली बाई. त्या संक्रांतीला मी होते की मागं बसलेली. तवापासनं बघते दर महिन्याला."

मला वाटलं होतं, अक्का त्या माणसाला चार शब्द ऐकवेल. तिने ऐकवले नाहीत. रजा टाकली, पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि जीपमध्ये मागे जाऊन बसली. सोलापूरच्या दवाखान्यात ऑपरेशन होईपर्यंत आणि टाके निघेपर्यंत सुभद्राबाईंच्या उशाशी तीच होती. अप्पा गावी होते. तूर बाजारात येण्याचे दिवस होते. त्यांनी गावात सांगितलं, मंडळींच्या पोटात गोळा धरला होता. सुभद्राबाई वाचल्या. अक्काची बदली मात्र रद्द झाली नाही. तिने तसं मागितलं नाही आणि अप्पांना ते आठवलं नाही. निवृत्त झाल्यावरच ती संतपूरला परतली.

शोकसभा संतपूरच्या शाळेतच झाली. अध्यक्ष अर्थातच गुरुनाथअप्पा, आता काठी टेकत. म्हणाले, "सुशीलाबाईंनी महिलांच्या... म्हंजे एकंदर आरोग्याचं फार मोठं कार्य केलं." मधला तो विराम माझा नाही, अप्पांचा आहे. ज्या जागी शब्द हवा होता, तिथे ते थांबले, खाकरले आणि वळसा घालून पुढे गेले. दुसरे वक्ते 'मातृहृदयी' म्हणाले, तिसरे 'सोशिक'. सोशिक! अक्का ऐकायला नव्हती, हे त्या माणसाचं नशीब. सभेला बायकांना बोलावलेलंच नव्हतं. मी नातेवाईक म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. मला बोलायला सांगितलं नाही, आणि त्या माणसांपुढे बोलण्याची मला इच्छाही झाली नाही.

सभा संपल्यावर मी अक्काच्या घरी गेले. तिची आतली खोली होती तशीच होती. खाली सतरंजी अंथरलेली, भिंतीला टेकून उशा, खिडकीला जाड पडदा. निवृत्तीनंतर दर शुक्रवारी दुपारी बायका इथे जमत. तो शुक्रवारच होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मागच्या दाराने एकेक जण येऊन बसू लागली. अक्का नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी आल्या. शेवटी सुभद्राबाई आल्या, धाकट्या सुनेचा हात धरून. सुनेची मान खाली होती.

सुभद्राबाईंनी दार लावलं, सतरंजीवर मधोमध बसल्या आणि पोलक्याची बटणं काढली. एका बाजूला नुसती सपाट कातडी, तिच्यावर आडवा व्रण.

"बघ नीट," त्या सुनेला म्हणाल्या. "हात लाव. मेले न्हाई मी, तुझ्यासमोर बसलेय. काय म्हणतेत ह्याला?"

सून काहीतरी पुटपुटली.

"ऐकू येत न्हाई मला."

"कॅन्सर," पोरगी म्हणाली. मग सासू बघतच राहिली, म्हणून पुन्हा म्हणाली, चांगलं खणखणीत.

अप्पा बाहेर जीपमध्ये बसले होते. त्यांना ऐकू गेलं का, ते पाहायला मी उठले नाही.