बाईंच्या मातीच्या पाट्या

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या आमच्या गल्लीत चार हजार वर्षांपूर्वीच्या बातम्या देणारं एकच माणूस होतं, शेजारच्या बाई. पुण्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. विरजण मागायला जावं, तर दारातच हळहळायच्या, "अगं, अक्कड बुडालं शेवटी!" जणू सकाळीच फोन आला होता. मी आपली वाटी घेऊन उभी.

मेसोपोटेमियातल्या या साम्राज्यांचं मात्र त्यांना कौतुक नव्हतं. "बॅबिलॉन काय, असिरिया काय, चढले तसे उतरले. असिरियावाल्यांनी तर साऱ्या जगाशी भांडण काढून ठेवलं होतं. आले मग सगळे मिळून अंगावर." त्यांचा जीव होता तो तिथल्या मातीच्या पाट्यांवर आणि त्या गिरवणाऱ्या पोरांवर.

माझी सई तेव्हा आठ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी ओरडायचे, एकदा तर रागानं दोन दिवस बोललेच नाही. बाईंनी मला चांगलं झापलं. "सुमेरी भाषा घरात कुणी बोलेनासं झालं, तरी पोरं शेकडो वर्षं ती शाळेत गिरवत होती. आणि तू आठ वर्षांत हात टेकलेस?" मग दर शनिवारी अंगणात माती कालवून त्या सईकडून मराठी शब्द कोरून घेऊ लागल्या. "बाई, इट्स सो यकी!" सई किंचाळायची. बाई शांतपणे पुढचा शब्द सांगायच्या.

तसल्या हजारो पाट्या ठेवलेलं बगदादचं संग्रहालय लुटल्याचं टीव्हीवर दाखवलं, त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. सई त्यांना बिलगून म्हणाली, "बट हाऊ डिड दे लास्ट सो लाँग?"

"असिरियाच्या राजधानीतला, निनवेचा राजवाडा जळला ना, तेव्हा कितीतरी पाट्या भाजून पक्क्या झाल्या. कच्ची माती विरघळते गं."

पुढच्या वर्षी बाई पुण्याला परत गेल्या. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा आमच्याकडे आला आणि आई गेली म्हणाला. सई गॅरेजमध्ये गेली आणि फळीवर वाळत ठेवलेली त्यांची शेवटची पाटी घेऊन आली. त्यावर तिच्या वेड्यावाकड्या अक्षरांत 'बाई' कोरलेलं होतं आणि कडेला बाईंच्या अंगठ्याचा ठसा होता.

"आई, ओव्हन लाव ना," ती म्हणाली. "बाईंचा अंगठा विरघळेल."

ती मराठीत बोलली, हे ओव्हन तापल्यावर माझ्या लक्षात आलं. तोवर आम्ही दोघी त्याच्यासमोर जमिनीवर बसून रडत होतो.