उतारवाले नाना

आमचे नाना हे शहर उतारांवरून ओळखत. तुम्हाआम्हाला सपाट वाटणाऱ्या रस्त्याकडे क्षणभर पाहून ते सांगत, की गाडी इथे पुढे घरंगळेल, पलीकडच्या लिंबाखाली मागे येईल आणि त्या दुकानासमोर जागची हलणार नाही. नाना म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात त्यांनी उभी हयात कालव्यांची पातळी मोजण्यात घालवली होती. नोकरीने दिलेली ही नजर निवृत्तीनंतर त्यांच्या रोजच्या कामी आली, ती एका म्हशीच्या किमतीत घेतलेल्या जुन्या मारुतीमुळे. त्या गाडीचा सेल्फ लहर लागली तरच चाले. म्हणून नाना तिला नेहमी उतारावर, तोंड खाली करून उभी करत आणि निघताना घरंगळत नेऊन चालू करत. सेल्फ दुरुस्त करून घ्या, असे कुणी सुचवले, की त्यांचे उत्तर ठरलेले असे, "उतार हाय की!" छावणीतल्या त्यांच्या गल्लीने त्यांचे नावच उतारवाले नाना ठेवले होते.

गाडी मुळात पांढरी होती. पुढे जिथे जिथे गंज आला, तिथे तिथे नानांनी घराच्या फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग कुंचल्याने लावला होता. मागचे एक दार सुतळीने बांधलेले असे आणि आत कायम कांद्याचा वास येई. हँडब्रेकवर नानांचा विश्वास नव्हता. त्याऐवजी वाटणाच्या फुटक्या दगडी पाट्याचा एक तुकडा पुढच्या चाकाखाली असे. त्यालाही सुतळी बांधलेली होती. आत बसून, ब्रेकवर पाय ठेवून नाना खिडकीतून ती सुतळी ओढत, दगड वर घेत आणि पायाशी ठेवून देत. गाडी हळूच सुटे. पंधरा-वीस हातांवर ते दुसऱ्या गिअरवरचा क्लच सोडत, इंजिन एकदा खोकून बोलू लागे आणि दर वेळी नानांच्या चेहऱ्यावर नवे समाधान येई. "चालू झाली म्हंजे नवीच हाय," ते म्हणत.

आठवड्यातून दोनदा ते गंगापूरकडच्या आपल्या शेतावर जात. मंगळवारी शेजारच्या शकीलाबींना गुडघ्याच्या व्यायामासाठी हर्सूलच्या दवाखान्यात नेत. शकीलाबी दारातूनच विचारत, "नाना, आज उतार किधर लगाये?" आणि काठी टेकत तिकडे वळत. वाटेत दोघांचे भांडण चाले; नाना हॉर्न फार वाजवतात, असे त्यांचे म्हणणे आणि शकीलाबी असल्यावर हॉर्नची गरजच पडत नाही, असे नानांचे.

मी तेव्हा नवी गाडी घेतली होती. नानांनी म्हातारपणी त्या खटाऱ्यातून फिरू नये, असे मी वारंवार सुचवत असे. कुठेही जायचे असले तर फोन करा, मी येईन किंवा ड्रायव्हर पाठवीन, असेही म्हणत असे. ते एकदा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या गाडीत बसायचं म्हंजे आधी कापडं बदलावी लागत्यात. माझ्या गाडीत नुसतं बसायचं."

माझ्या आग्रहामागे त्यांची काळजी होती, हे खोटे नाही. पण सगळे खरेही नाही. आमच्या सोसायटीच्या आवारात उतार नाही, म्हणून नाना येत तेव्हा बाहेरच्या चढावर, अध्यक्षांच्या बंगल्यासमोर गाडी लावत. एका रविवारी अध्यक्षांनी मला फाटकात गाठून विचारले, की हे भंगार कुणाचे? नाना त्या वेळी वर माझ्या घरात नातीला कैरी चिरून देत होते. मी म्हणालो, "बघतो, कुणाचं आहे ते." एवढेच म्हणालो. आजही तो चढ आला, की मला हे वाक्य ऐकू येते.

त्यानंतर काही महिन्यांनी गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. मुदत वाढवायची, तर गाडी पासिंगला न्यावी लागणार होती. नानांना रांगेत उभे राहवत नसे, म्हणून मीच नेतो म्हणालो. "कागद समदे समोरच्या खणात हायेत," असे सांगून त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली, दगड दाखवला आणि सुतळी कशी ओढायची, तेही शिकवले. मी निघालो. वाटेत एका चहाच्या टपरीपाशी थांबलो आणि तिथेच दोन तास बसलो. समोरचा खण मी उघडलासुद्धा नाही. दुपारी परत येऊन मी नानांना सांगितले, की गाडी नापास झाली.

ते ओसरीवर शेंगा निवडत होते. त्यांनी विचारले, "कशात?"

माझी तयारी नव्हती. जे सुचले ते बोललो. "धुरात."

नानांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नव्हे. "धुरात व्हय," ते म्हणाले. "बरं." मग उठून बाहेर गेले, मी घाईत तिरका लावलेला दगड त्यांनी काढला आणि चाकाखाली नीट बसवला. "दगड घट्ट बसवत जा, पाव्हणं," एवढे बोलून ते पुन्हा शेंगांपाशी येऊन बसले.

त्या दिवसानंतर गाडी हलली नाही. सुरुवातीला नाना एस.टी.ने शेतावर जात. पुढे पायरी चढवेना, तेव्हा तेही थांबले. मला त्यांनी एकदाही फोन केला नाही. मीच कधी नेले, तर धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे बसत. शकीलाबी रिक्षाने जाऊ लागल्या. "रिक्षेवाला अच्छा है," त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, "मगर झगड़ता नहीं." दोन हिवाळ्यांनंतर नाना लहानशा आजाराने गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर गाडी मोडीत द्यायची म्हणून मी ती रिकामी करायला बसलो आणि पहिल्यांदाच समोरचा खण उघडला. सगळे कागद दोऱ्याने बांधून ठेवले होते. सर्वांत वर धुराच्या तपासणीचा दाखला होता. गाडी पास होती. तारीख मी पासिंगला निघालो, त्याच्या आदल्या दिवसाची होती.

"धुरात," मी म्हणालो होतो. त्यांना त्याच क्षणी कळले होते. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला नाही. आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या पत्नीला, शेवटपर्यंत काही सांगितले नाही. तिला ते त्या संध्याकाळी मी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दगडाला बांधायला बाहेरून आणलेली नवी सुतळी माझ्यासमोर ठेवली.

मेकॅनिकने टायर आणि बॅटरी बदलली, सेल्फही दुरुस्त केला. मग मी रांगेत उभा राहिलो. गाडी पास झाली. पहिल्याच फेरीत झाली.

आता मंगळवारी शकीलाबींना मी हर्सूलला नेतो. त्या माझ्याशीही भांडतात, पण अजून थोड्या बेताने. परवा येताना वाटेत घरी थोडे काम होते, म्हणून सोसायटीबाहेर गाडी चढावर लावली आणि दगड घट्ट बसवला. अध्यक्ष फाटकातच होते. त्यांनी काहीच विचारले नाही. तरी मी थांबलो आणि म्हणालो, "ही आमच्या नानांची गाडी."

ते "अच्छा" म्हणून आत गेले. गाडीतून शकीलाबींनी विचारले, मी कुणाशी बोलत होतो. मी म्हणालो, जुने काम राहिले होते.