शवागारातल्या मामांचं घड्याळ

शवागारातल्या मामांना स्वतःचं नाव होतं, पण हॉस्पिटलात ते कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. नर्स, गेटवरचा रखवालदार, मोठे डॉक्टर, सगळे 'मामा' म्हणत. मामा म्हणायचं, काम सांगायचं आणि नाकाला रुमाल लावून सटकायचं, ही तिथली पद्धत. नातं जोडायला लोकांचं काही जात नाही. खुर्ची द्यायची वेळ आली की जातं.

त्यांचं काम तळघरात. वरून माणूस खाली आला की त्याच्या अंगावरचं एकेक उतरवायचं, अंगठी, साखळी, चष्मा, घड्याळ, आणि नातेवाइकांच्या हातात द्यायचं. केस पांढरे झाले हे करता करता, पण मामांच्या हातून कधी टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती. मामांकडे दिलं म्हणजे पोचलं, असं वरचे साहेबसुद्धा बोलायचे. मामांची कमाई म्हणाल तर ती एवढीच. पगार तर सगळ्यांनाच मिळतो.

मामांना कशाचं काही वाटायचं नाही. सुरुवातीला वाटायचं. कोवळं पोर खाली आलं की घास उतरत नसे. मग ते वाटणं कधी बंद पडलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मुलगी लग्न होऊन निघाली तेव्हा बायको रडली, मुलगी रडली, जावईसुद्धा डोळे पुसत होता. मामा खुर्च्या एकावर एक रचत होते.

घड्याळांचं मात्र त्यांच्या लक्षात राहायचं. साधं घड्याळ गार पडलेल्या मनगटावरही आपलं टिकटिक चालू. आत सेल असतो, त्याला कशाचं काय. काही भारी घड्याळांचं तसं नसे. त्यांत सेलच नाही. हात हलतोय तोवर ती चालणार, हात थांबला की थोड्या वेळानं तीही थांबणार. असं थांबलेलं घड्याळ उतरवताना मामा ते जरा जास्त वेळ हातात धरायचे. का, ते विचारू नका. त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलगी मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले, आणि एक दिवस मामांनी ठरवलं, असलं एक घ्यायचं. पैसे कुठून आले असं ज्याच्या मनात आलं असेल, त्यानं आधी जाऊन डॉक्टरांना त्यांच्या गाडीचं विचारावं.

दुकानाच्या काचेच्या दारावर गणवेशातला माणूस होता. त्यानं आधी मामांच्या चपला पाहिल्या, मग दार उघडलं. आत गारेगार. मामांना गारव्याचं कौतुक नव्हतं. पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी पुढे आली.

"काका, कुणाला भेट द्यायचीय?"

"मलाच."

तिनं खालच्या कप्प्यातला, स्वस्तातला ट्रे काढला. मामांनी मान हलवली आणि वरच्या एका घड्याळाकडे बोट केलं. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि काढलं बिचारीनं.

"ह्याचं कडं उघडायला जरा अवघड असतं हं काका. दोन्ही बाजूंनी असं दाबून..."

तिचं वाक्य संपायच्या आत मामांनी ते एका अंगठ्यानं उघडलं होतं.

"आधी वापरलंय वाटतं तुम्ही."

"वापरलं नाही. काढलंय पुष्कळदा."

"म्हणजे दुरुस्ती करता?"

"हॉस्पिटलात असतो."

"अय्या, डॉक्टर?"

"डॉक्टरांचं संपलं की माझं सुरू होतं."

मुलगी हसली, मग तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिनं घड्याळ त्यांच्या मनगटावर चढवलं. मामांनी हात जरासा हलवला, काटा पुढे सरकू लागला. त्यांना वाटलं होतं, आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. वजन तेवढं कळलं.

घरी बायकोनं त्यांचं मनगट धरून दिव्याखाली नेलं.

"अहो, ह्यात वेगळं काय वाजतं?"

"तेच वाजतं."

"मग कशाला?"

"असंच."

"झकास आहे, नाही म्हणत नाही मी. पण मिरवणार कुठे? तुमची गिऱ्हाइकं तर डोळे मिटून पडलेली." ती स्वतःच्याच विनोदावर हसली आणि मग तिनं आवाज खाली आणला. "ऐका, कामावर नका घालू हे. लोक म्हणतील, उतरवलं कुणाचं तरी."

"म्हणू देत."

"म्हणू देत कसं? आपल्याकडे दुसरं आहे काय हो? नाव तेवढं आहे."

बोलली ते खरं होतं. पण कामाशिवाय मामा दुसरीकडे जात कुठे होते? कपाटात ठेवलं असतं तर ते बंद पडलं असतं. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ घालून खाली उतरले.

काही दिवस कुणाचं लक्ष गेलं नाही. मामांच्या हाताकडे बघतो कोण? मग एका दुपारी एक बडा बिल्डर खाली आला. गाडी चालवता चालवता छातीत कळ आली आणि खेळ संपला. कागदपत्रं करायला पुतण्या आला होता, उंची अत्तर लावून. मामांनी त्याच्या हातात अंगठी दिली, पाकीट दिलं, फोन दिला. पुतण्याची नजर मामांच्या मनगटावर अडकली.

"काकांचं घड्याळ?"

"हातात नव्हतं."

"आणि हे?"

"हे माझं."

"तुमचं," पुतण्या म्हणाला. शिवी दिली असती तर परवडली असती.

पुढे व्हायचं ते झालं. पुतण्यानं वर तक्रार केली, सुपरवायझर धापा टाकत खाली आला. कोपऱ्यात बेसिनवर डॉक्टर हात धूत होते. त्यांचं घड्याळ शेजारी काढून ठेवलेलं होतं, मामांच्यापेक्षाही भारी. तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"मामा, बिल असेल ना?" सुपरवायझरनं विचारलं.

"आहे. घरी."

"मग आणून दाखवा की. विषय संपला."

"नाही दाखवणार."

"का?"

"डॉक्टरसाहेबांचंही मागवा. मग मी माझं आणतो."

नळ बंद झाला. "मामा, कशाला वाढवताय?" डॉक्टर भिंतीकडे बघत म्हणाले.

"वाढवलं कुणी, साहेब?"

पुतण्या म्हणाला, पोलिसांना बोलवू का? पोलीस म्हटल्यावर सुपरवायझरला घाम फुटला. "चौकशी होईपर्यंत हे माझ्याकडे राहू दे," म्हणत त्यानं मामांचा हात पकडला आणि कडं ओढू लागला. त्याला ते उघडता येईना. ओढाताणीत त्याची नखं मामांच्या मनगटात रुतली.

मामांनी दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला. जोर केला नाही, नुसता ठेवला.

"साहेब, इथे येईल त्या प्रत्येकाचं घड्याळ मी काढतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, तसूभरही चढला नव्हता. "काढायच्या आधी त्याला सांगतो, दादा, काढतोय हं. त्याला ऐकू जात नाही, तरी सांगतो. मला तर ऐकू येतंय."

सुपरवायझरनं हात सोडला. पुतण्यानं फोन काढला, बहुधा पोलिसांना लावायला, तेवढ्यात त्याला घरूनच फोन आला. काकू होती. सुतकी आवाजात काहीतरी विचारत होती. पुतण्यानं घड्याळाचं विचारलं आणि नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा पडला.

"ते बाथरूममध्ये आहे. सकाळी घालायचं विसरले होते."

"बरं," मामा म्हणाले.

पुतण्यानं खिशातून एक नोट काढली. "मामा, चहापाण्याला. मनावर घेऊ नका."

"इथे सही करा," मामांनी कागद पुढे केला. "आणि काकांना घेऊन जा. गाडी मागच्या दाराला लावायला सांगा, पुढे पायऱ्या आहेत."

सगळे गेल्यावर सुपरवायझर घुटमळला. "मामा, तुमचं काही चुकलं नाही हो. पण काही दिवस नका घालू. उगाच लोकांना संशय."

"उद्या घालून येणार. संशय येईल त्याला खाली पाठवा."

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला मनगटावरचे ओरखडे दिसले. मामांनी घडलं ते सांगितलं, सामानाची यादी सांगावी तसं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. सांगितलं होतं ना मी, असं म्हणण्याचा पुरेपूर हक्क असून ती ते म्हणाली नाही.

"बिल दाखवलंत?"

"नाही."

"बरं केलंत. उद्या मी येते तुमच्याबरोबर."

"तू कशाला?"

"त्या सुपरवायझरचं तोंड बघायचंय मला."

तिनं कपाटातून औषधाची बाटली काढली, घड्याळ वर सरकवून ओरखड्यांवर कापूस दाबला.

"झोंबतंय का?"

मामांच्या ओठांवर सवयीनं 'नाही' आलं होतं. ते थांबले. हाताकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "झोंबतंय चांगलंच."

बायकोनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कापूस पुन्हा भिजवला आणि परत दाबला.